सहावी काच

१

सहावी काच कोरी होती.

महानंदा त्या खिडकीसमोर उभी राहिली तेव्हा मेळ्यातली माणसं अजून टेबलांवर चादरी अंथरत होती. मल्लेश्वरमच्या त्या मैदानावर दरवर्षी हस्तकलेचा मेळा भरे आणि दरवर्षी तिचा नवरा कल्लाप्पा कोपऱ्यातली एक जागा घेई. पाडकामातून निघालेली जुनी दारं-खिडक्या आणायची, खरवडायची, त्यांचे आरसे करायचे, भिंतीवर टांगायच्या चौकटी करायच्या, काचांवर चित्रं काढायची, हा त्याचा धंदा. या वर्षी तो नव्हता. अठरा दिवसांपूर्वी, रविवारी सकाळी, शिवाजीनगरातल्या स्वतःच्या शेडमध्ये चार सागवानी दारं अंगावर येऊन तो गेला. नऊच्या आत जीव गेला, पण त्याआधी तासभर तरी तो दारांखाली होता, असं डॉक्टर म्हणाले. पोलिसांनी अपघात म्हणून लिहून घेतलं.

मेळ्यातली जागा आधीच घेतलेली होती. तिच्या बहिणीचा मुलगा संग्राम म्हणाला, "मावशी, चल की. घरात बसून तरी काय करतीस?" म्हणून ती आली. घरात बसणं आणि इथं बसणं यात तिला काही फरक वाटत नव्हता. ती अजून रडली नव्हती. लोक येत, हात धरत, आणि त्यांनी आपला नाही, दुसऱ्याच कुणाचा तरी हात धरलाय असं तिला वाटे.

ही खिडकी मात्र त्यांच्या टेबलावर नव्हती. ती शलाकाच्या मोठ्या दालनात, मधोमध, दिव्याखाली होती.

सहा काचांची ती खिडकी कॅन्टोन्मेंटमधल्या एका बंगल्याची. कल्लाप्पानं दीड वर्ष तिच्यावर काम केलं होतं. पहिल्या काचेवर निपाणीचं तंबाखूचं रान, दुसरीवर बसच्या टपावरची लोखंडी ट्रंक, तिसरीवर शिवाजीनगरातली त्यांची पहिली खोली, चौथीवर सायकलला बांधलेलं दार, पाचवीवर शेड. सहावी तो दाखवत नव्हता. ती पुरी झाल्यावर बघ, म्हणायचा.

"काकू, तुम्ही आलात!" शलाका जवळ आली. पुण्याकडची, इंदिरानगरात राहणारी, कारागिरांचं काम निवडून मोठ्या प्रदर्शनांत मांडणारी. "आय अ‍ॅम सो सॉरी. आणि हे शेवटचं पॅनल रिकामं सोडलंय ना, ते बघून मला अंगावर काटाच आला. जसं काही त्यांना माहीत होतं."

"रिकामं सोडलेलं नाही," महानंदा म्हणाली.

"म्हणजे?"

महानंदा खिडकीकडं वळली. काचेवरचं चित्र मागच्या अंगानं, उलटं काढतात. आधी डोळे, दागिने, साडीची किनार. आकाश आणि भिंती सगळ्यात शेवटी. काच टेबलावर आडवी ठेवून चित्र पुरतं वाळवायचं, मगच चौकटीत बसवायची. कोरी काच आधी बसवून मग तिच्यावर रंगवणं हे कल्लाप्पानं उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. शिवाय या खिडकीच्या पाच काचा जुन्या, लाटा असलेल्या. पलीकडचा माणूस त्यांतून हलल्यासारखा दिसे. सहावीतून शलाकाच्या दालनातला पंखा सरळ दिसत होता. ती काच नवी होती.

काच चौकटीत पक्की बसवायला कडेनं भरलेल्या लांबीवर तिनं अंगठ्याचं नख दाबलं. पाच काचांची लांबी दगड झाली होती. सहावीच्या लांबीत नख रुतलं. आणि नखावर तांबूस रंग आला. खडूची पूड, जवसाचं तेल आणि चिमूटभर गेरू. अशी लांबी बेंगळुरात एकाच शेडमध्ये कालवली जात होती.

२

दुपारी तिनं संग्रामला टेबलावर बसवलं आणि ती रिक्षानं शिवाजीनगरला आली. त्या रविवारनंतर तिनं शेडचं कुलूप काढलं नव्हतं. काढताना काही होईल असं तिला वाटलं होतं. काही झालं नाही. किल्ली फिरली, कडी पडली, आत नेहमीसारखा जवसाच्या तेलाचा वास होता.

चारही दारं कुणीतरी पुन्हा मागच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. त्यांच्या पोटावरून जाणारा दोर हुकाला नीट बांधलेला होता. कल्लाप्पाला ज्या चांगल्या वस्तू कुणाच्या नजरेला पडू द्यायच्या नसत, त्या तो या दारांच्या मागे ठेवी. त्या काढायच्या तर दोर सोडायला लागे, आणि दोर सोडताना दारं धरायला दुसरा माणूस लागे. हा त्याचा स्वतःचाच नियम होता. त्याच्यासाठी कितीदा तरी ती स्वयंपाक टाकून आली होती.

पोलीस म्हणाले होते, दोर सुटला. तिनं दोर हातात घेतला. कुठं कुजलेला नव्हता, तुटलेला नव्हता. आपोआप सुटायला तो काही बुटाचा बंद नव्हता.

तिनं केरसुणी घेतली. पुढची जमीन कुणीतरी झाडून घेतली होती. पण शहाबादी फरशीच्या सांध्यात, जिथं दारं पडली होती तिथं, काहीतरी चमकलं. हेअरपिनीनं तिनं ते उकरून काढलं. करंगळीच्या नखाएवढा काचेचा तुकडा. मग दुसरा. मग तिसरा, त्याहून मोठा. तिन्ही जाड, लाटांच्या काचेचे. तिन्हींना एका अंगाला निळा रंग.

ती तिथंच पाटावर बसली. सहावी काच इथं फुटली होती, दारांखाली. म्हणजे दारं पडली तेव्हा खिडकी इथं होती.

पण संग्रामनं पोलिसांना सांगितलं होतं, तिच्यासमोर सांगितलं होतं, की शलाकाची खिडकी आपण शनिवारी संध्याकाळीच पोचवली. तिथनं बोम्मसंद्र्याला मित्राच्या खोलीवर गेलो आणि रविवारी दहाला शेडवर आलो तर दार नुसतं लोटलेलं होतं.

मग त्या खिडकीबाबत खोटं कोण बोलत होतं?

३

"मी शनिवारी बेंगळूरमध्येच नव्हते, काकू." दुसऱ्या दिवशी शलाकानं फोन काढून लग्नाचे फोटो दाखवले. पुणं, शुक्रवार ते सोमवार. "संग्रामचा शनिवारी सातला मेसेज आला, खिडकी वॉचमनकडे दिली म्हणून. मी सोमवारी रात्री आले, तेव्हा ती खाली ठेवलेली होती. कोऱ्या काचेसकट. का, काय झालं?"

"खिडकी विकायला ते तयार झाले?"

"कोण, तुमचे मिस्टर? मी त्यांच्याशी कधी बोललेच नाही ना." शलाका जरा गोंधळली. "सगळं संग्रामशीच झालं. अ‍ॅक्च्युअली मला वाटलं तुम्हाला माहितीये."

तिनं टेबलावरची गुळगुळीत पुस्तिका उघडून पुढं केली. आतल्या पानावर खिडकीचा फोटो, बाजूला कल्लाप्पाच्या आधीच्या तीन कामांचे फोटो, आणि वर संग्रामचा. निळ्या शर्टात, हाताची घडी घालून. खाली त्याचं नाव आणि त्यापुढं लिहिलेलं: कलाकार.

महानंदानं पान नीट वाचलं. मग पुस्तिका मिटून, कडा जुळवून, होती तिथं ठेवली.

संग्राम समोरच्या टेबलावर गिऱ्हाइकाला आरसा गुंडाळून देत होता. बत्तीस वर्षांचा होता. पंधरा वर्षांपूर्वी तिची थोरली बहीण चंपा त्याला निपाणीहून घेऊन आली आणि त्यांच्या घरी ठेवून गेली, तेव्हापासून तो त्यांचाच. गिऱ्हाईक गेल्यावर ती त्याच्या शेजारी बसली.

"पुस्तिकेत तुझं नाव आहे."

त्यानं मान खाली घातली. "काकाच म्हणाले होते, मावशी. मला ते इंग्रजी बोलणं जमत नाही, तूच हो पुढं, म्हणाले. तुला सांगायचं राहिलं. मग हे सगळं झालं."

"आणि सहावी काच?"

"ती माझ्याच हातनं फुटली." तो लगेच बोलला. "शनिवारी दुपारी. दारामागनं काढताना कोपरा लागला. काकांनी दुसरी काच घातली, म्हणाले, राहू दे अशीच. मी पाचाच्या सुमाराला घेऊन गेलो. तुला वाईट वाटंल म्हणून बोललो नाही."

महानंदानं मान हलवली. सगळं बसत होतं. तुकडे, नवी काच, गेरूची लांबी, नाव. जगात अशा गोष्टी होतात. कल्लाप्पा इंग्रजीला भीत असे, हेही खरं होतं.

ती उठून नळावर तोंड धुवायला गेली. आणि ओल्या तोंडानं तिथंच उभी राहिली.

कल्लाप्पा शेडमध्ये अनवाणी काम करी. काचेचा कण सांडला तर तो गुडघ्यावर बसून, ओल्या कापसानं सांधेसुद्धा टिपून घेई. शनिवारी दुपारी फुटलेल्या काचेचा नखाएवढा तुकडा त्यानं संध्याकाळपर्यंत ठेवला नसता.

आणि शनिवारी रात्री ताटावर बसल्यावर तो म्हणाला होता, "उद्या सकाळी शेडवर ये. एक दाखवायचंय." ती म्हणाली होती, बघू, कपडे धुवायचेत. रविवारी सव्वासातला तो एकटाच गेला.

पाचालाच खिडकी गेली असेल, तर तो तिला काय दाखवणार होता?

४

तरीही हे पुरेसं नव्हतं. एखाद्याचा नियम एखाद्या दिवशी चुकतो. दाखवायचं म्हणजे दुसरंही काही असेल.

घरी आल्यावर तिनं कल्लाप्पाचा फोन शोधला. कपड्यांबरोबर पिशवीत तो तसाच परत आला होता. पिशवीत सदरा, चष्मा, आणि करदोड्याला अडकवलेली शेडची किल्ली. फोन चार्जिंगला लावला. पडदा उजळला. न घेतलेला एक फोन. रविवार, आठ चौतीस. मंजुनाथ.

मंजुनाथ पाडकामाचा ठेकेदार. अथणीकडचा, घरात कन्नड, बाहेर मराठी. त्या गुरुवारीच त्याचं नि कल्लाप्पाचं वाजलं होतं. एका कोरीव दाराच्या मालकाला आपलं दार परत हवं होतं आणि कल्लाप्पानं ते खरवडून टाकलं होतं. रविवारी येऊन दार उचलून नेतो, असं मंजुनाथ सगळ्या गल्लीसमोर ओरडला होता.

तो फ्रेझर टाऊनमध्ये एका अर्ध्या पाडलेल्या घरासमोर सापडला. तिला बघून त्यानं डोक्यावरचं फडकं काढलं.

"बसा की, अक्का. स्वल्प धूळ आहे."

"त्या रविवारी तुम्ही शेडवर आला होता."

त्याचा चेहरा पडला. पण त्यानं नाही म्हटलं नाही. "आलो होतो. भांडायला नाही, अक्का, देवाशप्पथ. बायको म्हणाली, इतक्या वर्षांचा माणूस, एका दारावरनं काय बोलायचं सोडता? म्हणून दार राहू द्या म्हणून सांगायला आलो. पण भेट झाली नाही."

"का?"

"कुलूप होतं."

महानंदा त्याच्याकडं बघत राहिली.

"बाहेरनं कुलूप होतं," तो म्हणाला. "मग मी फोन लावला. तर आतनंच वाजायला लागला. म्हटलं, काल विसरून गेले वाटतं फोन. परत गेलो. दुपारी कळलं की..." तो थांबला. "मी गेल्यावर आले असतील ना ते? कुणी मला काही विचारलं नाही, अक्का. पोलिसांनी पण नाही."

"घरातनं सव्वासातला गेले. फोन खिशात होता."

मंजुनाथच्या ते हळूहळू ध्यानात आलं. तो मागं सरकला आणि विटांच्या ढिगावर बसला. "म्हणजे मी बाहेर उभा होतो, तेव्हा अण्णा..."

"हो."

"मी जोरात हाक मारायला पाहिजे होती. दोनदा पण नाही मारली." तो तळहातांनी तोंड झाकून रडायला लागला. कामावरची माणसं बघायला लागली. महानंदा उभीच होती. त्याच्यासारखं रडता यावं असं तिला एकदा वाटलं, आणि तेही लगेच विझलं.

दारांखाली पडलेला माणूस बाहेरनं कुलूप लावत नाही. शेडला किल्ल्या तीन. एक तिच्या घरातल्या खिळ्याला. एक करदोड्याला, आता पिशवीत.

तिसरी रोज सकाळी तिच्यासमोर चहा पिणाऱ्या माणसाच्या खिशात.

५

दुसऱ्या दिवशी मेळ्याला सुट्टी होती. संग्राम दुपारी जेवायला बसला. तिनं त्याला भाकरी वाढली, आमटी वाढली, आणि पुढ्यात काचेचे तीन तुकडे ठेवले.

"आठ चौतीसला मंजुनाथ शेडवर आला होता," ती म्हणाली. "बाहेरनं कुलूप होतं. आत ह्यांचा फोन वाजत होता."

संग्रामचा घास हातातच राहिला.

"ह्यांची किल्ली ह्यांच्याजवळ होती. माझी खिळ्याला. दहाला तू आलास, तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं म्हणालास. मग कुलूप लावलं कुणी, आणि काढलं कुणी? शनिवारी तू खिडकी नेली नाहीस. नुसता निरोप धाडलास. ती बाई गावाला गेली होती, बघणार कोण? ह्यांनी खिडकी द्यायला नाही म्हटलं असणार. म्हणून तू रविवारी सकाळी गेलास. रविवारी ते शेडवर जात नाहीत, हे तुला ठाऊक. एकट्यानं दोर सोडलास, खिडकी ओढायला लागलास. तेवढ्यात ते आले, कारण त्यांना मला ती दाखवायची होती." तिचा आवाज चढला नाही. भाजीचा भाव सांगावा तसं ती सांगत होती. "तिथनं पुढं तू सांग."

त्यानं घास ताटात ठेवला. मग ताटाकडं बघत म्हणाला, "त्यांनी खिडकी दुसऱ्या बाजूनं धरली. सोड म्हणाले. मी सोडली नाही. मी त्यांना ढकललं नाही, मावशी. दारं आपोआप आली. मी बाजूला झालो. त्यांना होता आलं नाही."

"काही बोलले?"

"उचल, म्हणाले. एकदाच."

"मग?"

"एकट्याला उचलेना. दोनदा लावला जोर. मग माणसं बोलवायला म्हणून वळलो, तर पायाशी खिडकी, तिचा एक कोपरा पडलेल्या दारांखाली. एक काच फुटलेली." त्यानं पाण्याचा घोट घेतला. "पुस्तिका छापून आली होती. सगळ्यांना कळलं असतं की मी चोरून नेत होतो. काम माझं नाही, हे कळलं असतं. मी म्हटलं, आधी काच बसवतो, मग बोलवतो. काच कापली. लांबी तिथं कालवलेलीच होती. तुकडे गोळा केले. हात आपले चालत होते. मग त्यांचं कण्हणं थांबलं."

"किती वेळ?"

"पाऊण तास असंल."

"पाऊण तास तू तिथं बसून काच बसवलीस."

संग्राम बोटानं भाकरीचा तुकडा मोडत राहिला.

"आणि मग कुलूप लावून, रिक्षा करून, खिडकी देऊन आलास. आणि मग ओरडलास."

त्यानं मान हलवली.

महानंदानं ते तुकडे पुन्हा फडक्यात बांधले. एकच गोष्ट तिला विचारायची राहिली होती. "सहाव्या काचेवर काय होतं?"

संग्रामनं पहिल्यांदा वर बघितलं. डोळ्यांत भीती होती, पण त्याहून जास्त गोंधळ होता.

"मी बघितली नाही, मावशी. अंधार होता दारामागं. आणि मग तिचा चुराच झाला. चुरा मी पिशवीत भरून टाकून दिला. निळं काहीतरी होतं."

ज्या कामावर त्यानं स्वतःचं नाव घातलं होतं, ते त्यानं पुरतं बघितलंही नव्हतं. आता ते बघितलेलं कुणीच उरलं नव्हतं.

"जेव," ती म्हणाली. "मग जाऊया."

त्यानं भाकरी संपवली नाही. हात धुतला, चपला घातल्या, आणि तिच्याबरोबर चालत पोलीस ठाण्यापर्यंत आला. वाटेत त्यानं तिच्या हातातली पिशवी नेहमीसारखी स्वतःकडं घेतली. तिनं ती दिली. ठाण्याच्या पायरीवर परत घेतली. फौजदार अक्षरा मॅडमनी दोघांचं म्हणणं वेगवेगळं लिहून घेतलं आणि इंदिरानगरच्या वॉचमनला फोन लावला. खिडकी रविवारी सकाळी, साधारण सव्वानऊला आली, असं तो म्हणाला. त्यालाही आजवर कुणी विचारलं नव्हतं.

६

संध्याकाळी चंपाचा फोन आला. "संग्राम फोन उचलत नाही गं. बरा हाय न्हवं?"

महानंदा आतल्या खोलीत जाऊन खाटेवर बसली. हे दुसऱ्या कुणाला सांगायला लावता आलं असतं. तिनं स्वतःच सांगितलं, पहिल्यापासून, एकेक करून. खिडकी, काच, कुलूप.  पलीकडनं नुसता चंपाच्या घरच्या गिरणीचा आवाज येत राहिला, मग तोही कुणीतरी बंद केला.

"तू नेलंस त्याला ठाण्यात?" चंपानं विचारलं.

"हो."

"त्यानं ढकललं न्हाई म्हणतोय न्हवं?"

"नाही ढकललं. मला खरं वाटतंय ते."

"मग किती वेळ हुता तिथं?"

महानंदानं डोळे मिटले. "पाऊण तास."

"पाऊण तास," चंपा म्हणाली, आणि फोन ठेवला.

पुढचे दोन दिवस तिचा फोन आला नाही. महानंदानंही केला नाही. शलाका येऊन गेली. पुस्तिका मागे घेतल्या, म्हणाली, नवीन छापताना काकांचं नाव घालते. महानंदा बरं म्हणाली. मंजुनाथ येऊन दाराशीच उभा राहिला आणि केळ्यांची फणी ठेवून गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला दार वाजलं. बाहेर चंपा उभी होती. रात्रभर बसमध्ये चुरगळलेलं लुगडं, हातात कापडी पिशवी, पिशवीत डबा. दोघी बहिणी उंबऱ्याच्या दोन बाजूंना तशाच उभ्या राहिल्या. चंपा आत आली नाही.

"ठाणं कुठं हाय, ते सांग," ती म्हणाली. "आधी त्याला बघून येते. मग तुझ्याकडं येते." तिनं पिशवी या हातातनं त्या हातात घेतली. "येऊ न्हवं?"

महानंदानं तिच्या पिशवीतल्या डब्याकडं बघितलं.

"ये," ती म्हणाली, आणि रस्ता दाखवायला चपला घालून बाहेर आली.